काँटेसासाठी स्थळ पाहणे

1984च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सने काँटेसा आणली. रुबाब संस्थानिकाचा, बॉनेटखाली मात्र अँबॅसिडरचंच 1489 सीसीचं, जेमतेम 50 अश्वशक्तीचं इंजिन! पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं आलं, तेव्हा कुठे गाडी घाटात मान वर करू लागली.

हल्लीच्या शौकिनांना तेही पुरत नाही. स्थळ हवं टोयोटाचं, तीन लिटरचं 'टूजेझेड' इंजिन. घराणं थेट सुप्रा या स्पोर्ट्स कारचं. गिअरबॉक्स झेपेल का, रेडिएटर पुरेल का, ब्रेक लागतील का, हे प्रश्न अक्षता पडल्यावर.

आणि इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नेमकं तेव्हाच कुणाला आठवत नाही.

रविवारी निवांत फेरीच मारायची असेल, तर इसुझूचंच इंजिन नीट बांधून घ्यावं. सुटे भाग शोधताना दमछाक होईल, पण आरसीवरचा इंजिन नंबर तरी खरा राहील.