प्रेमपटाची दुहेरी कसोटी

अल्पखर्ची समलिंगी प्रेमपटांना प्रेक्षक ज्या कसोट्या लावतो, त्या इतर प्रेमपटांना लावल्या असत्या, तर हिंदी चित्रपटसृष्टीचे दिवाळे कधीच वाजले असते. अँड्र्यू हेग यांच्या ‘वीकएंड’ (2011) मध्ये नॉटिंगहॅममधील एका सदनिकेत दोन तरुण मुख्यतः बोलतात, आणि त्यांतला एक आदल्या रात्रीची हकिकत दुसऱ्याकडून टेपरेकॉर्डरवर वदवून घेतो. यात कथानक कुठे आहे, असे विचारणारा रसिक स्वित्झर्लंडच्या बर्फात शिफॉनच्या साडीत नाचणाऱ्या नायिकेला थंडी कशी वाजत नाही, हे मात्र विचारत नाही. शेवट दुःखद झाला तर ‘पुन्हा तेच रडगाणे’ आणि सुखद झाला तर ‘वास्तवाशी फारकत’, असा हा आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना थाटाचा न्याय आहे. त्यात प्रातिनिधिकतेची, म्हणजे दोनच पात्रांनी साऱ्या समुदायाची बाजू मांडावी अशी, अपेक्षा वेगळीच. रोहन कानवडे यांच्या मराठी ‘साबर बोंडं’ने 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळवल्यावर, वडिलांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि शेतकरी बाळ्या यांचे प्रेम ‘वैश्विक’ म्हणणे अनेकांना सोपे गेले असेल. समलिंगी प्रेमपट वाईटही असू शकतो आणि त्याला खुशाल वाईट म्हणावे. फक्त माप सर्वांना एकच लावावे.