अठरा भोकं, एकवीस दूर्वा

आमच्या जावयाला गोल्फ लागलं. लागलं म्हणजे तंबाखू लागते, तसं. कंपनीत माणूस वरच्या मजल्यावर गेला की आधी पाठ धरते, मग साखर वाढते आणि मग गोल्फ लागतं, असा क्रम असतो. पहिल्या दोन्हींवर गोळ्या आहेत.

यंदा आमचा गणपती थोरल्याकडे होता. ती संधी साधून जावईबापूंनी आम्हाला मॉरिशसला नेलं. लेकीला समुद्र हवा होता, हिला ‘जरा कुठेतरी’ हवं होतं आणि जावयाला पश्चिम किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचं मैदान हवं होतं. मला काय हवं ते कुणी विचारलं नाही. मी सामानात होतो.

तिथे हरितालिकेचा दिवस उजाडला. बुफेमध्ये सतरा प्रकारचे पाव आणि हिचा कडकडीत उपास. अशा बायकोसमोर बसून ऑम्लेट खाण्याचं धाडस माझ्यात नाही. तेवढ्यात जावई म्हणाला, “बाबा, एक राउंड टाकायचा का?” मी सातारा जिल्ह्यातल्या ऊसकऱ्याचा मुलगा. आमच्याकडे राउंड म्हणजे रानात चक्कर मारायची, शेजाऱ्याने बांध कोरलाय का बघायचं आणि घरी येऊन चहाबरोबर त्याच्या सात पिढ्या काढायच्या. मी लगेच चपला घातल्या.

चपला चालत नाहीत. जीन्स चालत नाही. बिनकॉलरचा शर्ट चालत नाही. गवतावर जायला कॉलर लागते हे मला साठी उलटल्यावर कळलं. आमचे वडील आयुष्यभर गवतात वाकले ते बंडीवर.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “तुमचं हँडिकॅप?”

“दोन्ही गुडघे,” मी म्हटलं.

जावयाने मला बाजूला घेतलं. हँडिकॅप म्हणजे आपण किती वाईट खेळतो त्याचा अधिकृत आकडा. जगभर एकच पद्धत आहे आणि त्यात जास्तीत जास्त 54 मिळतात. त्याहून वाईट खेळण्याची सोय कागदावर नाही. ती मी दुपारपर्यंत करून दिली.

फी किती झाली ते जावयाने सांगितलं नाही. पावती पालथी पडली होती, ती मी उताणी करून पाहिली. तेवढ्यात आमच्याकडे अर्धा एकर ऊस लागणीपासून भरणीपर्यंत येतो. आणि तो ऊस निदान कारखान्याला जातो. इथे दिवसाअखेर हाताला काय लागतं? एक सही केलेलं कार्ड.

खेळ सोपा आहे. जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा चेंडू 108 मिलिमीटरच्या भोकात घालायचा. अशी अठरा भोकं. चांगल्या खेळाडूने सगळं मिळून बहात्तर फटक्यांत आटोपावं अशी अपेक्षा, त्याला पार म्हणतात. एवढ्या कामाला चौदा काठ्या नेता येतात. आमच्या घरात विळा, खुरपं, कुदळ, टिकाव, कोयता, पहार आणि दाताळं अशी सातच हत्यारं होती, आणि त्यांवर तीन पिढ्या जेवल्या.

हा चालण्याचा खेळ आहे, असं जावई मला विमानापासून सांगत होता. प्रत्यक्षात बॅटरीची गाडी आली. चालायचं गाडीतून, व्यायाम करायचा संध्याकाळी जिममधल्या पट्ट्यावर, उभ्या जागी. काठ्या उचलायला आणि मला सांभाळायला एक कॅडी दिला होता. पन्नाशीचा, काळासावळा, शांत माणूस. क्रिओल, फ्रेंच, इंग्रजी तिन्ही फर्डं. चेहरा मात्र थेट आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवरचा. मी दोनदा वळून पाहिलं.

पहिला फटका मारायला उभा राहिलो. सगळे सांगत होते, नजर चेंडूवर ठेवा. ठेवली. चेंडूच्या आजूबाजूलाही गेली, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, “अरे, ही तर हरळी!”

हरळी म्हणजे काय ते ज्याच्या रानात ती आहे त्यालाच ठाऊक. लव्हाळा, कुंदा आणि हरळी हे तीन शेतकऱ्याचे जन्माचे वैरी. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची, मग सगळ्या घराने वाकून काश्या वेचायच्या. काश्या म्हणजे जमिनीखालच्या तिच्या पांढऱ्या, गाठी-गाठींच्या मुळकांड्या. ढीग घालून पेटवायचे. बोटभर काशी मागे राहिली तरी मृगाच्या सरीला बाई पुन्हा दारात हजर. माझ्या मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या. इतरांची मुलं आजोळी आंबे खात होती.

आणि इथे ती हरळी, नजर पोचेल तिथवर, न्हाव्याने मशीन फिरवल्यासारखी एका मापात कापलेली. तिला रोज पाणी, वेळच्या वेळी खत, आणि तिच्यात दुसरं काही उगवू नये म्हणून औषध! म्हणजे इथे तण उगवलं तर ते हरळीतलं तण. वडिलांना हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो कोण जाणे. ते गेले, सुटले.

“बर्म्युडा,” कॅडी नम्रपणे म्हणाला.

बर्म्युडा म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे हरळीच. हे गवत मूळचं बर्म्युडा बेटाचंही नाही, ते आपल्या जुन्या जगातलं. पण परदेशी नाव लागल्याशिवाय कुणाला भाव येतो? मैदानांवर लावतात ती बहुधा तिची संकरित जात. टिफवे नावाची एक फार गाजलेली आहे, ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी तयार केली, 1960 सालची. आपली हरळी आणि तिची आफ्रिकेतली एक बहीण यांचं ते अपत्य. त्याला बी धरत नाही. मग लावतात कशी? काश्यांनी! आम्ही ज्या वेचून जाळल्या त्या ही माणसं पैसे मोजून आणतात आणि पुरतात. हे कळल्यावर मी दोन मिनिटं गाडीत बसून पाणी प्यायलो.

तोवर कॅडी खाली वाकला होता. कडेच्या न कापलेल्या गवतातला तीन पात्यांचा एक शेंडा त्याने नखाने अलगद खुडला आणि माझ्यापुढे धरला. “दूर्वा?” त्याने विचारलं.

हरळी हा शब्द त्याला माहीत नव्हता. दूर्वा माहीत होता. आपल्याकडे एकाच गवताला दोन नावं आहेत, एक देवघरातलं आणि एक रानातलं. बोटीतून बरोबर गेलं ते देवघरातलं.

पणजोबा रत्नागिरीकडचे, मुंबईहून बोटीने आलेले, एवढं त्याला घरात सांगितलेलं. आडनाव म्हणून तो जे लावतो ते पणजोबाचं नुसतं नाव. नोंदवहीत एवढंच उतरलं आणि पुढे सगळ्या घराण्याचं तेच आडनाव झालं. घरी क्रिओल बोलतात. मराठी संध्याकाळच्या बैठकीत शिकला. तिथे अशा शाळेला ‘बैठका’च म्हणतात. आरती पाठ आहे, अर्थ विचारू नका म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडेही साधारण तेच आहे.

ऊस तोडायला हिंदुस्थानातून मजूर न्यायची ही पद्धत 1834 साली सुरू झाली. ॲटलस नावाचं जहाज छत्तीस जणांना घेऊन त्या नोव्हेंबरात पोर्ट लुईला लागलं. पुढच्याच फेब्रुवारीत बेटावरची गुलामगिरी संपली. मळेवाल्यांनी किती दूरवरचा विचार केला होता बघा, एक दार बंद व्हायच्या आधी दुसरं उघडून ठेवलेलं. त्यानंतर साडेचार लाखांवर माणसं तिथे उतरली. सगळं बेट ज्वालामुखीचं, काळ्या दगडांनी भरलेलं. ते दगड हातांनी उपसून ऊस लावायचा. मॉरिशसभर उसाच्या फडांत त्या दगडांचे रचलेले ढीग अजून उभे आहेत, छोट्या टेकड्यांसारखे. आमच्या मैदानातही असे दोन होते. जावई म्हणाला, “बाबा, लँडस्केपिंग बघा काय केलंय!”

मी कॅडीकडे पाहिलं. कॅडी काठ्या पुसत होता.

उसाचं पुढे काय झालं? युरोप ठरल्या भावाने साखर घेत होता. 2006 पासून त्याने चार वर्षांत तो भाव 36 टक्क्यांनी खाली आणला. मळेवाले शहाणे. सरकारने 2002 सालीच परदेशी माणसाला रिसॉर्टमध्ये बंगला विकत घेण्याची योजना काढली होती. मग काही ठिकाणी ऊस गेला, हरळी आली, कडेने बंगले आले. उसापेक्षा हरळी परवडते हा शोध ज्याने लावला त्याचा पुतळा आमच्या प्रत्येक पंचायत समितीपुढे बसवायला हवा. आमच्या साखरसम्राटांना मात्र हे सुचलं नाही. त्यांनी कारखान्याच्या जागेत इंजिनिअरिंग कॉलेजं काढली. तिथेही शेवटी गवतच उगवलं, पण त्यावर फी घेऊन कुणाला चालवता येईल हे लक्षात आलं नाही. (हा मजकूर कुणी चेअरमनसाहेबांना वाचून दाखवू नये.)

आता माझ्या खेळाबद्दल. त्याचं काय आहे, माझा हात खुरप्याचा. काठी मागे नेली की शरीर आपोआप वाकतं, मनगट आत वळतं आणि पातं जमिनीत शिरतं. चेंडू जागेवर राहिला. त्याच्या मागची वीतभर हरळी मात्र मुळासकट, काश्यांसकट उडून सहा फुटांवर पडली. जावयाचा चेहरा पडला. माझं मन अनेक वर्षांनी इतकं प्रसन्न झालं. पुढच्या फटक्याला पुन्हा तेच. तिसऱ्याला तर अशी लांब काशी निघाली की वडील असते तर पाठ थोपटली असती. दर वेळी कॅडी तो तुकडा उचलून आणायचा, खड्ड्यात बसवायचा आणि बुटाने दाबायचा. नियमच आहे म्हणे, उपटलं की परत लावायचं. नवव्या भोकापर्यंत मी साधारण एक वाफा साफ केला होता.

या खेळात चांगलं केलं की पक्ष्यांची नावं देतात. पारपेक्षा एक फटका कमी तर बर्डी, दोन कमी तर ईगल, तीन कमी तर अल्बट्रॉस. वाईट केलं तर मात्र नुसती बोगी आणि मग बोगीची डबे जोडलेली गाडी. मॉरिशससारख्या बेटावर हा अन्याय आहे. ज्याला उडता येत नव्हतं आणि म्हणून जो संपला, तो डोडो इथलाच. मी एका भोकाला जे चौदा फटके घेतले त्याला डोडो म्हणावं, अशी सूचना मी कॅडीला केली. तो पहिल्यांदाच मनापासून हसला.

बाराव्या भोकापासून ल मॉर्नचा डोंगर दिसतो. समुद्रात पाय सोडून बसलेला एकच काळा कातळ. पळून गेलेले गुलाम त्याच्या कपारींत लपत. 2008 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. तिथली दंतकथा अशी, की गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, वरच्यांना वाटलं पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. जावई म्हणाला, “या होलचा व्ह्यू जगातल्या बेस्टपैकी आहे.” आहेच. मी काही बोललो नाही. तिथे मला नेमका एक सरळ फटका बसला आणि कुणाचं लक्षच नव्हतं.

सतराव्या भोकाला माझा चेंडू मैदानाच्या पार पलीकडे, वाढलेल्या गवतात गेला. चेंडू हरवला तर तीन मिनिटं शोधायचा, मग सोडून द्यायचा. 2019 पर्यंत पाच मिनिटं मिळत. आमचा खिलारी खोंड एकदा सुटला होता तो चार दिवस शोधला, पण तो बैल होता, त्याला कुणी वेळ लावली नव्हती. कॅडी आणि मी दोघे आत शिरलो. जावई घड्याळ लावून बाहेर उभा.

आत गेल्यावर कॅडी चेंडू शोधेना. तो सरळ एका ओलसर कडेला गेला, गुडघे टेकून बसला आणि भराभर शेंडे खुडू लागला. उद्या चतुर्थी. तिथे गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. मैदानातली चालत नाही, तिच्यावर औषध मारतात, असं त्याने हातानेच सांगितलं. इथे फवारणीची गाडी येत नाही. दर वर्षी इथूनच नेतो.

गुडघे कुरकुरले, पण मीही बसलो. एकवीस मोजायच्या, देठं जुळवायची, गवताच्याच पात्याने बांधायचं. त्याचा हात माझ्याहून सफाईचा. हरळी उपटताना आयुष्यात पहिल्यांदा मी ती मुळाला न धरता शेंड्याला धरली.

“बाबा!” जावई ओरडला. “तीन मिनिटं झाली! सापडला का?”

“थांब जरा,” मी म्हटलं, “अजून चार जुड्या व्हायच्यात.”