खाडी आली की बोलू

मोटारसायकलवर नवरा-बायकोला भांडता येत नाही. हा या वाहनाचा सर्वांत मोठा गुण. तो सोडून जाहिरातीत मायलेजच का सांगतात, कळत नाही. मोटारीत भांडणाची सगळी सोय असते. काचा बंद, आतली हवा गार, आणि ज्याच्याशी भांडायचं तो पट्ट्यानं बांधलेला. दुचाकीवर मात्र मागच्याच्या तोंडासमोर पुढच्याची पाठ, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट आणि मधे वारा. "अहो, मी तेव्हाच म्हटलं होतं..." एवढं मागून ऐकू येतं आणि नेमकं काय म्हटलं होतं ते समुद्रावर निघून जातं.

पण भांडण म्हणून मिटत नाही, साचतं. आणि कोकणचा किनारी रस्ता असा आहे की साचलेलं सगळं दर साठ-सत्तर किलोमीटरवर उतरवून घेतो. कारण खाडी येते. रस्ता सरळ पाण्यात जातो, इंजिनं बंद होतात, हेल्मेटं निघतात आणि फेरीबोट समोरच्या काठावर असते. कामकाज सुरू.

आमचं कुटुंब म्हणजे तीन मोटारसायकली आणि पाच माणसं. पहिल्या गाडीवर आप्पा आणि आई, दुसरीवर मी आणि बायको, तिसरीवर चिरंजीव आणि सामान. आप्पा एसटीत चालक होते. 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये' ही पाटी नोकरीभर त्यांच्या डोक्याशी असायची. निवृत्त झाले तेव्हा पाटी डेपोतच राहिली, नियम तेवढा घरी आला, असं आई सांगते. या प्रवासात त्यांनी त्याची सुधारित आवृत्ती काढली. मागून हालचाल जाणवली, की मान न वळवता म्हणायचे, "खाडी आली की बोलू."

त्यांची बुलेट जुन्या घडणीची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. आप्पा तिला कुलूप लावत नाहीत. चोरानं नेलीच, तर तो पहिल्या चौकात ब्रेक समजून गिअर बदलेल आणि तिथंच सापडेल, असा त्यांचा हिशेब.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडव्याला उतरलो. तिथवर सगळं गोड होतं. अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद असं करत आगरदांड्याला पोचलो तेव्हा पहिला खटला तयार होता. आई साडी नेसून एका बाजूला बसली होती. "लग्न झाल्यापासून अशीच बसतेय, पडले का कधी?" हा तिचा मुद्दा. "लग्न झाल्यापासून आपण मंडईच्या पुढं गेलो का कधी?" हा आप्पांचा. वास्तविक हे त्यांच्याविरुद्ध जाणारं वाक्य होतं, आणि आईनं ते लगेच उचललं. तेवढ्यात बोट आली.

आगरदांड्याहून दिघीला जाताना खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसतो. तो कुणाच्याच हाती आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ साली किनाऱ्यापासून समुद्रात भराव घालत नेऊन पाहिला, तरीही नाही. आप्पांनी हा इतिहास आईला सविस्तर ऐकवला, अर्थात सूचक. ती शांतपणे म्हणाली, "मग तुम्ही कशाला भराव घालताय?" कठड्याला टेकलेल्या एका कोळणीनं मात्र एका वाक्यात निकाल दिला : "आजी, पुढं शेखाडीचा रस्ता लय वळणाचा हाय, दोन्ही बाजूंनी बसा." नवऱ्याचं न ऐकणारी आई परक्या बाईचं ऐकते, हे आम्हाला घरी माहीत आहेच. दिघीला उतरून तिनं सुनेचा पंजाबी ड्रेस चढवला. जंजिरा अजिंक्य राहिला, आई पडली.

दोन्ही बाजूंना पाय आल्यावर तिचे दोन्ही हात मोकळे झाले, हे आप्पांच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं थापांची भाषा काढली. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा, चिमटा म्हणजे मघाशी मागे जे गेलं ते बघायचं होतं. दिवेआगर ते श्रीवर्धन हा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो, की तिथं चिमट्याला अंत नाही. एका वळणावर डोंगर, दुसऱ्यावर काळा कातळ आणि पांढरा फेस, तिसऱ्यावर आप्पा जॅकेटची बाही वर करून दंड तपासताहेत.

बागमांडल्याला बोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली. समोर वेशवी, मधे बाणकोटची खाडी. पलीकडच्या धक्क्यावर कुणी छत्री उघडली तरी दिसावी इतकं जवळ. ही खाडी टाळायची तर आत शिरून आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडायची आणि पुन्हा किनाऱ्याला यायचं. गंमत अशी, की रेवस ते रेडी सुमारे ५०० किलोमीटरचा सागरी महामार्ग व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांची, आणि आंबेत त्यांचंच गाव. म्हणजे बोट चुकलेल्या प्रवाशाला महामार्ग स्वतःच्या जनकाच्या दारावरून फिरवून आणतो. अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले. त्यानंतर बऱ्याच खाड्यांवर पूल झाले, मोठ्या मोठ्या तेवढ्या राहिल्या. माझं खासगी मत : घाई नको. पूल झाले तर कोकणात येणाऱ्या जोडप्यांनी बोलायचं कुठं?

पुढची बोट धक्क्याला लागली, तेव्हा चिरंजीवांना आजोबांची बुलेट बोटीवर चढवायची हुक्की आली. ओहोटी लागलेली, धक्क्यावर शेवाळ, बोटीची लोखंडी फळी ओली. त्यानं सवयीनं उजवा पाय दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये गेली. बोटीवरच्या दोघा पोरांनी मागचं कॅरिअर धरलं म्हणून सावित्रीला बुलेटचा नैवेद्य घडला नाही. आप्पा दुरून बघत होते. ओरडले नाहीत. "बघ," आईला म्हणाले, "कुलूप लागत नाही म्हटलं ना."

या प्रवासातला सर्वांत मोठा वाद मात्र देवाचा आणि माशांचा. आईचा नियम : ज्या दिवशी दर्शन, त्या दिवशी मासे नाहीत. नियम पुण्या-मुंबईत ठीक आहे. या किनाऱ्यावर दिवेआगरला गणपती, आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, हेदवीला दशभुज, पुढं गणपतीपुळे आणि शेवटी रेडीला पुन्हा गणपती. मधल्या जागा हरिहरेश्वर, व्याडेश्वर, वेळणेश्वर आणि कुणकेश्वरानं भरून काढलेल्या. देवांनी आपसात ठरवून आप्पांची नाकेबंदी केली होती.

आंजर्ल्याला सकाळी दर्शन झालं आणि संध्याकाळी आम्ही हर्णैच्या बंदरावर उभे. मचवे खोल पाण्यात थांबलेले. बैलगाड्या थेट समुद्रात शिरतात, बैलांच्या पोटाला पाणी लागतं, आणि माशांच्या टोपल्या लादून त्या परत वाळूवर येतात. मासळी ओतली, की भोवती बायकांचं कडं. लिलाव पुकारणारा एका दमात आकडे म्हणतो. घेणारी बाई तोंडानं काहीच बोलत नाही, भुवई हलवते आणि ढीग तिचा होतो. एक सुरमई चांगली हातभर, पाठ निळसर, डोळा काचेसारखा. आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दर्शन सकाळी झालं. एसटीत सकाळची ड्युटी आणि संध्याकाळची ड्युटी वेगळी धरतात."

"खाडी आली की बोलू," आई म्हणाली.

ती खाडी दाभोळची, आणि ती दुसऱ्या दिवशी आली. रात्री आप्पांनी आमटी-भात खाल्ला. वाशिष्ठी पार करून धोपाव्याला जायला बोटीला फारसा वेळ लागत नाही. रस्त्यानं चिपळूणवरून वळसा घातला तर शंभरावर किलोमीटर पडतात. आप्पांना त्या दिवशी शंभरही कमी पडले असते. त्यांनी बाजू मांडली, की किनाऱ्यावर राहणारे लोक मासे खाऊनच या देवांची पूजा करत आले आहेत, आणि देवानं कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. आई म्हणाली, "तुम्हाला कसं ऐकू येणार? तुम्ही हेल्मेट घालता." तडजोड अशी झाली, की देवळाचा कळस दिसेनासा झाला की दिवस संपला असं धरायचं. गुहागरच्या पुढं आप्पा कळस दिसेनासा करायच्या नादात वळणं फार जोरात घेऊ लागले.

पण सुटका तिथंही नव्हती. हेदवीजवळ एका घरगुती खानावळीत शिरलो. मालक ओटीवर सुपाऱ्या सोलत बसलेले. "जेवण मिळेल का?" "मिळेल की." आम्ही पाय धुतले. "फोन केला होतात?" "नाही." "मग नाही मिळायचं." "अहो, आत्ता मिळेल म्हणालात." "उद्याचं म्हणालो." यात उद्धटपणा अजिबात नव्हता. गृहस्थांनी पन्हाळीचं गार पाणी आणि गूळ दिला, आमची वंशावळ विचारली, आप्पांच्या डेपोत त्यांचा मेव्हणा होता हेही निघालं. मग आतून हाक आली आणि पाच जणांना पिठलं-भात मिळाला, वर नारळाची वडी. आधी नाही म्हणून मग पोटभर वाढणं ही इथली रीत आहे. तिला घाबरणारे लोक बिस्किटांवर परत जातात.

तवसाळ-जयगड ही खाडी भांडणाविना गेली. विषय नव्हता म्हणून नव्हे, आई बोटीवर झोपली म्हणून.

आणि जयगडनंतर आमचा घात झाला. पुढं सगळीकडे पूल. आरे-वारे, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, तारामुंबरी... खाडी आली म्हणेपर्यंत आपण पलीकडे. रस्ता अप्रतिम, एका बाजूला आंब्याचा मोहोर, दुसरीकडे समुद्र, पण सुनावणीच नाही. रत्नागिरीतला खटला विजयदुर्गला पोचला तरी बोर्डावर आला नव्हता. माझ्या पाठीमागेही एक फाईल जाड होत होती. विषय नकाशा बघून चिरंजीवांनी आम्हाला एका वाडीत कुणाच्या तरी खळ्यात नेऊन सोडलं आणि मी त्याला काहीच बोललो नाही, हा.

त्याआधी मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहिलं होतं. तिथं आई सुनेच्या कानाशी लागून विचारत होती, "तुतारी किती वाजताची आहे?" मला वाटलं, शाळेतली कविता आठवली. सासू-सुनेत साहित्याची गोडी निर्माण झाली म्हणून मी खूशही झालो.

मालवणच्या अलीकडे आप्पांनी एका म्हाताऱ्याला वेंगुर्ल्याचा रस्ता विचारला. त्यानं बुलेट न्याहाळली, आईला न्याहाळलं. "खंयसून इलास?" "मुंबईहून." "हिका घेवन? फटफटीर?" मग आईकडे वळून, "वयनी, सावंतवाडीक रेल्वे आसा हां." आई हसली. ते हसू तयारीतलं होतं, हे आम्हाला रेडीला कळलं.

रेडीच्या द्विभुज गणपतीपुढं हात जोडून झाल्यावर आईनं पर्समधून कागद काढला. सावंतवाडी ते दादर, तुतारी एक्स्प्रेस, दोन बर्थ, सासू आणि सून. ज्या गाडीला केशवसुतांच्या कवितेचं नाव दिलंय ती. घर सोडायच्या आधीच काढलेली तिकिटं. आप्पा तेरेखोलहून केरीला जाणाऱ्या फेरीबोटीची आशा दाखवू लागले, तर आई म्हणाली, "ती पाच मिनिटांत पलीकडे जाते. माझं एवढ्यात नाही व्हायचं."

संध्याकाळी त्यांना स्टेशनवर बसवलं आणि आम्ही तिघे सावंतवाडीत लॉजवर आलो. सकाळी हायवेनं निघायचं होतं. आप्पा मोठ्या समाधानानं सुरमईचं ताट आटोपून पलंगावर आडवे झाले, आणि फोन वाजला. कुडाळ आलं होतं. विषय, साडी. कणकवलीला मंडई आली. वैभववाडीला सुरमई, जी त्यांनी नुकतीच खाल्ली होती आणि हे तिला कसं कळलं ते कळायला मार्ग नाही. राजापूरच्या सुमाराला आम्ही दिवा मालवला, अंधारात आप्पांचं "हं... बरोबर... हो" चालू होतं. रत्नागिरी सोडून गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरली, रेंज गेली, तेव्हा कुठं ते उठून पाणी प्यायले.