कोच आणि त्यांची संतमंडळी

असा एक जण तुमच्याही ओळखीत असणारच. गळ्यात शिट्टी, खांद्यावर चेंडूंची जाळी आणि कुणी न नेमताच पदभार सांभाळायची दांडगी हौस. उत्तर व्हर्जिनियातल्या आम्हा होमस्कूलिंगवाल्या कॅथलिकांत त्यांना सगळे कोच म्हणतात. शुक्रवारी ते घरून काम करतात, असं त्यांच्या ऑफिसला वाटतं. प्रत्यक्षात पोरांचं लॅटिन आणि गणित उरकलं की बारा सीटर व्हॅनमधून स्वतःची सात मुलं उतरवून ते चर्चमागच्या मैदानाचा ताबा घेतात.

खेळ बहुधा किकबॉल. म्हणजे बेसबॉलच, फक्त चेंडू लाथेने मारायचा. चार वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटलेल्यापर्यंत सगळे एकत्र. पाचाच्या आतले कच्चे लिंबू. मैदानावर तीन जियाना आणि चार डॉमिनिक असल्यामुळे "पळ, डॉमिनिक!" म्हटलं की चौघे पळतात. कोच नावं पुकारू लागले की रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, आत संतांच्या नावांची लितानी चाललीय.

पण कोचचा खरा आजार वेगळा. प्रत्येक प्रसंगाला त्यांच्याकडे एक संत तयार असतो. चेंडू झुडपात गेला, संत अंथनी. घशात चिलट गेलं, संत ब्लेझ. दातावर कोपर बसलं, संत अपोलोनिया. माझा थोरला गुडघा धरून विव्हळत होता, तर हे त्याला ऐकवतात, "संत लिडविना 1395च्या हिवाळ्यात बर्फावर पडली, बरगडी मोडली. तुझं नुसतं खरचटलंय." खेळाडूंचा अधिकृत संत सबास्टियन. त्याला बाणांनी विंधलं होतं, म्हणून डॉजबॉलच्या दिवशी त्याचा धावा जरा जास्तच.

बाराच्या ठोक्याला त्यांच्या फोनवर एंजेलसच्या प्रार्थनेची घंटा वाजते आणि धावणारा दोन बेसच्या मधोमध हात जोडून उभा राहतो. आमेननंतर तो आउट की नाही, यावर बाप लोकांची जुंपते.

त्यांच्या यादीत एक बाप्टिस्टही घुसलाय, टिम टिबो. घरी शिकलेला हा मुलगा फ्लोरिडाच्या 1996च्या कायद्यामुळे सरकारी शाळेच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळला. त्याच्या नावाने ओळखलं जाणारं तसंच विधेयक व्हर्जिनियात मात्र राज्यपाल मॅकऑलिफ यांनी 2015, 2016 आणि 2017 अशी सलग तीन वर्षं फेटाळलं. हे कीर्तन एकदा सुरू झालं की शेवटी संत ज्यूडचा, म्हणजे हातातून गेलेल्या प्रकरणांच्या संताचा, जयजयकार होईपर्यंत सुटका नाही.

मी वसईचा. एकदा वैतागून विचारलं, "गोन्सालो गार्सिया माहीत आहे?" कोच गप्प! 1597 साली नागासाकीला क्रुसावर गेलेला, 1862 साली संत झालेला आमचा गाववाला त्यांच्या यादीत नव्हता. पुढच्या शुक्रवारी त्याचं लॅमिनेट केलेलं चित्र तिसऱ्या बेसवर हजर. "कशाचा संत आहे?" "आमच्याकडे कशालाही चालतो," मी म्हटलं.

माझ्या धाकटीला चेंडूची भयंकर भीती. कोचनी तिला तिसऱ्या बेसवर उभं केलं. "हा तुझ्या गावचा आहे, तू फक्त त्याच्यावर लक्ष ठेव." तेव्हापासून ती शुक्रवारी सर्वांच्या आधी बूट घालून तयार असते. माणूस अगदीच टाकाऊ नाही, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं.

ऑगस्टमध्ये त्यांचा थोरला कॉलेजला गेला. संघ पाडताना कोचच्या तोंडून पहिलं नाव अजून त्याचंच निघतं. मग ते उगाच शिट्टी पुसत बसतात. मी विचारलं, "घर सोडून गेलेल्या मुलांसाठी कोण?"

"संत मोनिका. पण ती आयांसाठी. बापांसाठी कोण, ते शोधतोय."

"मग गोन्सालोलाच घ्या. तोही पोरवयातच वसई सोडून जपानला गेला."

कोचनी जरा विचार केला. "नको," ते म्हणाले. "त्याला तिसऱ्या बेसवरून हलवलं तर तुमची धाकटी तिथे एकटी पडेल."