रिकामपणाचा आजार

कॉम्प्युटर गोठला की तो खरंच गेलाय की नुसता रुसलाय, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबायचं. त्याचा बारीक दिवा लागला-विझला, तर आत कोणीतरी शुद्धीवर आहे, फक्त चित्र अडकलंय. दिवा ढिम्म राहिला तर आशा सोडून पॉवरचं बटण दाबून धरायचं. आमच्या मिनी पीसीने दिवा ढिम्म ठेवण्यात प्रावीण्य मिळवलं होतं. शिवाय अधूनमधून पडद्यावर हिरव्या-गुलाबी रेघा यायच्या, त्या वेगळ्याच.

मिनी पीसी तळहातावर मावतो, टीव्हीच्या पाठीला स्क्रूने लावता येतो, हे सगळं कौतुक खरं. पण जुन्या टॉवरला निदान लाथ मारायला जागा होती.

दुखणं कळल्यावर सोसायटीत सल्ल्यांना तोटा नसतो. वीजमंडळातून निवृत्त झालेले वरचे काका म्हणाले, "अहो, अर्थिंग तपासा." इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा म्हणाला, "मामा, विंडोज उडवू या." त्याला कुठल्याही प्रश्नावर हेच सुचतं. बायकोने धूळ दाखवली. ती बहुधा कॉम्प्युटरबद्दल नव्हती. आई म्हणाली, "दिवसभर राबवतोस त्याला. जरा विसावा दे."

दुरुस्तीच्या दुकानात मशीन एकदाही अडलं नाही. दुकानदाराने त्यावर क्रिकेटचे जुने सामने लावले, दुपारभर मन लावून पाहिले आणि वर सांगितलं, "साहेब, चालतंय की!" चेकिंग चार्ज घेतला, तो बहुधा सामन्यांचा असावा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक खेपेला 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडे. भारदस्त वाटतं, पण अर्थ इतकाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. म्हणजे बटण दाबलं गेलं हे त्याने इमानदारीने लिहून ठेवलं होतं. का दाबावं लागलं, याबद्दल अवाक्षर नाही.

रेघांचा उलगडा तुलनेने लवकर झाला. असल्या बहुतेक डब्यांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. चित्र रंगवणारा भाग मुख्य रॅममधलीच जागा वापरतो. त्यामुळे रॅम चळली की केबल बदला, मॉनिटर बदला, रेघा काही हटत नाहीत. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावला. हा प्रकार विंडोजला उठवतही नाही, थेट रॅमच्या खणाखणांत आकडे लिहून परत वाचून पाहतो. रात्रीतून पडद्यावर लाल ओळी उमटल्या. दोनपैकी एक पट्टी काढली आणि रेघा गेल्या.

गोठणं मात्र तसंच. भाच्याचा आता उष्णतेवर संशय होता, डिसेंबरातल्या पुण्यात! तरी त्याच्या समाधानासाठी प्रोसेसरला रात्रभर अवघड गणितं घातली. मशीन तापलं, पंखा घोंघावला, पण पठ्ठ्या हलला नाही. सकाळी गणितं थांबवली, चहा टाकायला आत गेलो, आणि परत येतो तर कॅप्स लॉक ढिम्म.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे मशीन कामाने मरत नव्हतं, रिकामपणाने मरत होतं.

प्रोसेसरला काम नसलं की वीज वाचवायला तो झोपतो, आणि त्या झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. पहिली पायरी म्हणजे आमच्या आजोबांची आरामखुर्चीतली डुलकी, हाक मारली की "जागाच आहे रे!" खालच्या पायऱ्यांवर मात्र एकेका भागाचा वीजपुरवठा जवळजवळ तोडला जातो. तिथून उठताना विजेचा मेळ चुकला की तो उठतच नाही. हा आजार घराण्यात जुना आहे. २०१३ च्या इंटेल बे ट्रेल चिपा लिनक्सवर अशाच गोठायच्या. लोकांनी सुरू होतानाच्या आज्ञेत 'मॅक्स सी-स्टेट १' घालून त्यांची गाढ झोप बंद केली. २०१७ च्या पहिल्या रायझनवरही रिकाम्या वेळी गोठण्याच्या तक्रारी होत्या. पुढे बायोसमध्ये 'टिपिकल करंट आयडल' असा पर्याय आला, म्हणजे स्वस्थ बसलास तरी थोडी वीज खात राहा. दुखण्यावर विसावा हा उतारा सांगणाऱ्या आईला हे कसं समजावणार?

बायोसमध्ये शिरून खालच्या पायऱ्या बंद केल्या. तेव्हापासून मशीन गोठलेलं नाही. काका हे अर्थिंगचं श्रेय मानतात. मी प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला होता, तेवढा पुरावा त्यांना पुरतो.

आता मशीन रिकामं असतानाही कोमट राहतं. ही गोष्ट सर्वांत आधी आईच्या हाताला कळली. थंडीत आमच्याकडे दही लागायची मारामार. तिने विरजण लावलेलं पातेलं झाकून त्याच्यावर ठेवलं. मी ओरडलो, पण सकाळी दही घट्ट होतं, सुरीने कापावं असं. शनिवारी रात्री मशीन बंद करायला गेलो तर आतून आवाज आला, "राहू दे चालू. इडलीचं पीठ ठेवायचंय."