सा. न. वि. वि. ते ‘के’

नव्या पोरांनी मराठीची कापाकापी चालवली आहे, अशी ओरड करणाऱ्या आजोबांच्या खिशातली लग्नपत्रिका जरा उघडून बघा. चि., सौ. कां., खाली ह. भ. प., कोपऱ्यात कै. पेशवाईतले कारकून तर तारखेआधी नुसता ‘छ’ टाकून मोकळे व्हायचे. आणि गोव्यातल्या आमच्या पेडण्यात ‘महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष’ असे सगळे नाव घेण्याएवढा दम कुणाला आहे? १९६३ पासून मगो तो मगोच.

तेव्हा आमच्या कोरगावच्या पोराने मोपाच्या विमानतळावर उतरल्यावर ‘पोचलो’ एवढेच पाठवावे आणि आईने ‘के’ म्हणावे. काही बिघडत नाही. (विमानतळ स्वतःच जीओएक्स या तीन अक्षरांत मावला आहे.)

पण जुनी माणसे कात्री लावायची ती शिष्टाचाराला. साष्टांग नमस्कार चार अक्षरांत उरकला, की मग गाय व्याली, काजूचा मोहोर करपला, धाकटीला स्थळ आले, सगळे सविस्तर. एवढ्यावरही ता. क. उरायचाच. आता उलटे. सकाळी गुलाब, सूर्य, चहाचा कप आणि सुविचार असा दहा ओळींचा शिष्टाचार, आणि बातमी? ‘बाबा अ‍ॅडमिट. नंतर बोलू.’

तेव्हा काटकसरीला कारण तरी होते. तार शब्दागणिक पैसे मोजून घ्यायची. २०१३ साली तीही बंद झाली. एसएमएसमध्ये रोमन अक्षरे १६० मावत, देवनागरी जेमतेम ७०. म्हणून मराठी रोमन लिपीत शिरली, हेही समजू शकते. आज कुणाचे पैसे वाचवता?

निदान प्रश्नचिन्ह तरी टाका, ते फुकट आहे. ‘आई बरी ना’ असे गावच्या ग्रुपवर पडले, की मराठीत वाचणाऱ्याला वाटते, चौकशी चालली आहे. कोंकणीत ‘ना’ म्हणजे ‘नाही’, त्यामुळे तसे वाचणारा चपला घालून दवाखान्याकडे निघालेला असतो. एकाच घरात दोन्ही भाषा नांदतात तिथे ही चैन परवडायची नाही.

पंचायतीच्या अर्जात ‘प्लीज’चे ‘पीएलझेड’ केलेत, तर सचिव हसून सोडून देईल. मयताच्या बातमीखाली मात्र ‘आरआयपी’ नको. एकाने टाकायचे, मग चाळिसांनी तेच उचलून चिकटवायचे, त्यात एखादा चुकून अंगठाही वर करतो. दोन ओळी लिहायचा कंटाळा असेल तर सरळ त्या घरी जाऊन बसा. कोरगावात कुणाचे घर एवढे लांब आहे?