शंभर ग्रॅमचा शत्रू

टोमॅटो तिने पूर्ण खाल्ला असता तर प्रकरण इतकं वाढलं नसतं. भुकेल्याच्या तोंडचा घास काढू नये हे आम्हालाही लहानपणी शिकवलंय. पण तिने अर्धा खाल्ला, उरलेला अर्धा कठड्यावर माझ्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवला आणि शेपटी उडवत पाइपावरून वरच्या मजल्यावर निघून गेली. नेरूळच्या आमच्या सहा बाय तीन फुटांच्या बाल्कनीत शेणखत, आंबट ताक आणि बायकोची बोलणी घालून पिकवलेला तो त्या मोसमातला एकुलता एक टोमॅटो होता.

याआधी सगळे सनदशीर मार्ग झाले होते. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीला तिने स्वतःच्या मापाचं दार पाडून घेतलं होतं. मिरचीपूड टाकली, ती वाऱ्याने माझ्याच डोळ्यांत आली. प्लास्टिकचं घुबड आणलं, तर पंधरा दिवसांत ती त्याच्या डोक्यावर बसून शेंगदाणे सोलायला लागली. कुंडीतल्या मातीत लोळायचं आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन अंग झटकायचं, हा तिचा रोजचा कार्यक्रम. रामाच्या सेतूला तिच्या पूर्वजांनी असाच हातभार लावला, इथवर ठीक. पण तो सेतू केव्हाच झाला, आणि १२ जानेवारी २०२४ ला आमच्या न्हावाशेवाचा अटल सेतूही झाला. काम संपल्याचं हिला कोणी कळवलेलंच दिसत नाही.

तो अर्धा टोमॅटो हातात घेऊन उभा असताना मला गावची ठासणीची बंदूक आठवली.

कुडाळजवळच्या आमच्या घरात माजघराच्या खुंटीवर ती असायची. आजोबांनंतर परवाना अप्पाकाकांच्या नावावर झाला. नळीच जवळजवळ चार फूट. लहानपणी बंदुकीशेजारी मला उभं केलं की उंची कोणाची वाढली हे कळायचं, आणि बरीच वर्षं बंदूकच पुढे होती. आजोबांना ती भरताना मी एकदाच पाहिलंय. रानडुकरं भातात उतरली होती. आजोबांनी दस्ता जमिनीवर टेकवून बंदूक उभी केली. म्हशीच्या शिंगातली काळी दारू मापाने नळीत ओतली. वर काथ्याचा बोळा टाकला आणि लोखंडी गजाने ठासला. मग मूठभर छर्रे. पुन्हा बोळा, पुन्हा गज. मग घोडा मागे ओढून, खालच्या बारीक नळकांडीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवली. एवढं होईपर्यंत डुकरं भात खाऊन, लोळून, निघून गेली होती. तरी आजोबांनी बार काढलाच. भरलेली बंदूक रिकामी करायला दुसरा सोपा मार्ग नसतो. धूर ओसरल्यावर समोर फक्त शेजाऱ्यांची गोठ्याबाहेर आलेली म्हैस दिसली. ती खूप रागावली होती.

तर खारीसाठी बंदूक निवडायची. मी आयुष्यभर कचेरीत खरेदी खात्यात काढलेला माणूस. टाचणी घ्यायची तरी तीन दरपत्रकं मागवायची सवय. तेव्हा पर्याय रीतसर मांडले.

पहिला पर्याय, तोड्याची बंदूक. हिच्यात जळती वात, म्हणजे तोडा, सतत पेटता ठेवावा लागतो. चाप ओढला की तोडा खाली येतो, बंदुकीच्या कानातली बारीक दारू पेटते आणि तिथून आग नळीत जाते. त्या कानातल्या दारूला जुन्या मराठीत ‘रंजक’ म्हणतात. हा शब्द कळल्यावर विनोदी लेखक म्हणून मला भरून आलं: आमचा सगळा धंदाच रंजकाचा, ठिणगी पडते, भक्कन जाळ होतो आणि पुष्कळदा आत काही पोचतच नाही. पण हातात पेटती वात घेऊन बाल्कनीत तासभर दबा धरायचा म्हणजे एकतर कपडे पेटणार, नाहीतर ‘कासवछाप लावलीय का?’ म्हणून शेजारचे चौकशी करणार. पहिला पर्याय बाद.

दुसरा, चकमकीची बंदूक. घोड्याच्या जबड्यात गारगोटी. ती पोलादावर आपटून ठिणगी पडते. रुबाबदार वस्तू. पण जून ते सप्टेंबर नवी मुंबईत जिथे डब्यातलं मीठ पाणी सोडतं, तिथे दारू कोरडी कशी राहायची? शिवाय आधी रंजकाचा जाळ दिसतो आणि बार त्यानंतर होतो. मधला वेळ तुम्हाआम्हाला डोळ्याच्या पापणीएवढा. खारीला तेवढ्यात पाइपावरून दोन मजले चढून होतात.

ही तक्रार माझी एकट्याची नाही. स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर फोर्साइथ नावाचे एक पाद्री होते. पाण्यावरची पाखरं टिपायचा त्यांना नाद, आणि पाखरं जाळ दिसताच उडून जात. शेवटी चिडून त्यांनी ठोका बसताच पेटणाऱ्या रसायनाची युक्ती शोधली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. आजोबांच्या बंदुकीवरची ती तांब्याची टोपी त्याच युक्तीची पुढची पायरी. म्हणजे लढायांचा चेहरामोहरा बदलणारा हा शोध सेनापतीने नाही, पाखरांनी गंडवलेल्या एका धर्मोपदेशकाने लावला. त्या पाद्रीबुवांबद्दल मला एकदम जिव्हाळा वाटला. त्यांच्याकडेही बहुधा टोमॅटो असावेत.

तेव्हा टोपीची ठासणी पक्की. आता माप. या बाबतीत अमेरिकेतली मंडळी पोचलेली. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात लांब नळीची, आत पीळ पाडलेली रायफल घडवली. तीच पुढे ‘केंटकी रायफल’ म्हणून गाजली. तिच्यातही खारीसाठी वेगळी बारीक नळी: भोक ०.३२ इंच, म्हणजे जेमतेम आठ मिलिमीटर, आणि शिशाची गोळी तीन ग्रॅमच्या आत. गोळीला तेलकट फडक्याचं टिकलीएवढं अस्तर घालायचं म्हणजे ती पिळात घट्ट बसते. पक्षीचित्रकार ऑड्यूबन याने तर लिहून ठेवलंय की, डॅनिएल बून खारीला गोळी मारतच नसे. ती बसलीय तिथल्या फांदीच्या सालीवर मारायचा. साल उडायची आणि त्या हादऱ्यानेच खार खाली पडायची. मांस अजिबात खराब होत नसे.

मांस! इथे माझी गाडी थांबली. अमेरिकेतली करडी खार अर्ध्या किलोची असते, तिचा रस्सा होतो, चार माणसं जेवतात. आपली खार शंभर ग्रॅमच्या आसपास. चांगल्या हापूस आंब्याच्या निम्मीसुद्धा भरत नाही. आजोबांच्या जातीच्या बारा बोअरच्या नळीत एका बाराला औंसभर, म्हणजे २८ ग्रॅम छर्रे जातात. शंभर ग्रॅमच्या प्राण्यावर २८ ग्रॅम शिसं उडवायचं म्हणजे वरणभातावर किलोभर तूप वाढण्यापैकी झालं. आणि सालीवर मारायचं म्हटलं तर आमच्याकडे झाड कुठलं? ती बसते एसीच्या बाहेरच्या पेटीवर. बूनसाहेबांच्या पद्धतीने गेलो असतो तर खार शाबूत आणि एसी गारद.

जागेचाही प्रश्न होता. बंदूक पाच फूट, बाल्कनीची रुंदी तीन फूट. नेम धरला की नळी शेजाऱ्यांच्या तुळशीत. ठासायला बंदूक उभी केली की गज वर नऊ फुटांपर्यंत जाणार, म्हणजे कपडे वाळत घालायच्या दांडीत अडकणार. काळ्या दारूत निम्म्याहून जास्त सोरा, बाकी कोळसा आणि गंधक. बार झाला की पांढरा ढग आणि सडक्या अंड्यांचा वास. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच मिनिटांत गॅसगळतीची बातमी, दहाव्या मिनिटाला अग्निशमन दल, आणि त्या गर्दीत खार उरलेला अर्धा टोमॅटो घेऊन पसार.

तरी कायदा वाचून पाहिला. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या तेराव्या कलमात ठासणीच्या बंदुकीचा चक्क नावानिशी उल्लेख आहे: खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तिचा परवाना देता येतो. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. म्हणजे ठासणी पुरत नाही, हे सरकारलाही माहीत होतं. मी मनातल्या मनात अर्ज भरायला घेतला. पीक: टोमॅटो एक, मिरची चार, कढीपत्ता एक. क्षेत्र: अठरा चौरस फूट. सातबारा: नाही, कारण जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने; आमच्याकडे शेअर सर्टिफिकेट आहे. उपद्रवी प्राणी: खार. या शेवटच्या रकान्याशी पेन थबकलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची हौस केव्हाच मोडीत काढलीय. त्यातून हिची भीमाशंकरवाली थोरली चुलत बहीण, शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ज्यांच्या घरात राज्यपातळीवरचं पद आहे त्यांच्याशी वैर धरू नये, एवढं खरेदी खात्यात काम केलेल्याला कळतं.

“अहो, तिच्या पाठीवर रामाची बोटं आहेत,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

“किती?” मी विचारलं. कारण दक्षिणेकडच्या खारीला तीन पट्टे असतात आणि उत्तरेकडचीला पाच.

“मोजा आणि मग मारा.”

मोजले. तीन होते. म्हणजे ही आपल्याच बाजूची.

तरीही, तोंडाशी आलेली योजना सोडवेना म्हणून अप्पाकाकांना फोन लावला. आमच्याकडे खारीला चानी म्हणतात.

“चानयेक बंदूक?” काका पलीकडून ओरडले. “तुका येड लागला काय रे? बार भरून होईसर चानी टमाटो खाऊन, तोंड पुसून घराक जाता!”

“पण काका, नुसती पाहायला तरी...”

“बंदूक हय खंय आसा? ठाण्यात जमा केलंय. इलेक्शन लागला ना!”

हे मी विसरलोच होतो. कोकणात निवडणूक लागली की बहुतेक वेळा परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. काकांची बंदूक वर्षातून इतके दिवस ठाण्यात मुक्कामाला असते की एखाद्या जुन्या हवालदाराप्रमाणे तिला तिथे सगळे ओळखतात. तेवढ्या काळात माकडं नारळ पाडतात, डुकरं सुरण उकरतात.

“मग तोवर माकडांचं काय करता?”

“काय करतलंय? माकडांका आचारसंहिता नाय,” काका म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हा लक्षात आलं की ठासणीची बंदूक आता खुंटीवर कमी आणि मराठी भाषेत जास्त उरलीय. आपण मुद्दा ठासून सांगतो. पुढाऱ्याचा बार फुसका निघतो. मुलीच्या लग्नाचा बार उडवतो आणि दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. यातल्या एकालाही परवाना लागत नाही आणि निवडणुकीत तर हे सगळं जमा करण्याऐवजी उलट बाहेर निघतं. माझा रागही त्याच जातीचा होता. दारू घातली, बोळा घातला, तोड्यापासून टोपीपर्यंत पंधरा दिवस गजाने ठासत बसलो, आणि एवढ्या वेळात मूळ टोमॅटो कचऱ्याच्या हिरव्या डब्यातून खतातही गेला होता.

काकांना मात्र माझी दया आली असावी. महिन्याभराने चुलतभाऊ तुतारी एक्स्प्रेसने पनवेलला उतरला, तेव्हा पिशवीत सोलं, कुळीथ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू होती: आजोबांचं दारूचं शिंग. रिकामं, धुतलेलं, लाकडी बूच लावलेलं. ‘ह्येका परवानो लागना नाय,’ असा निरोप. शिंग आणि तेही तुतारीने आलं, यावर घरात दोन दिवस विनोद झाले. मग मी ते बाल्कनीच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. शत्रूला जरब बसावी, एवढाच हेतू.

गेल्या रविवारी कुंडीला पाणी घालताना वर पाहिलं. शिंगाचं टोक बोटभर कुरतडलेलं होतं. कुरतडणाऱ्या प्राण्यांना शिंगं-हाडं चघळायला आवडतात, असं नंतर वाचलं. बूच गायब होतं आणि आत, जिथे आजोबांची दारू असायची तिथे, माझ्या उशीतला कापूस ठासून भरलेला होता.